मोठी चाके बसवण्यापूर्वी व्यासाचा हिशेब करावा

स्पोर्टी सेडानमध्ये बदल करायचे ठरले की बहुतेकांचा हात आधी अलॉय व्हीलकडे जातो. मात्र रिम मोठी घेताना टायरच्या बाजूची उंची त्याच बेताने कमी करून चाकाचा एकूण व्यास मूळ मापाच्या जवळ ठेवावा. २०५/५५ आर १६ (म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के आणि रिम १६ इंच) टायरचा व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर भरतो आणि २२५/४५ आर १७ चा सुमारे ६३४, त्यामुळे ही अदलाबदल चालते. याउलट २१५/५५ आर १७ घेतल्यास व्यास ६६८ वर जातो, स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा सुमारे ५ टक्के कमी वेग दाखवतो आणि स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला आतून घासण्याची शक्यता वाढते. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो हे सांगणारा अंक) मूळ टायरपेक्षा कमी नसावा. रिमचे वजनही विचारून घ्यावे, कारण देखणी पण जड रिम (हा मोह मलाही आवरत नाही) खड्ड्यांवर सस्पेन्शनचे काम अवघड करते. दोन सेडान चालवून त्यांची तुलना करायची असेल, तर दोन्हींचे टायर शक्यतो एकाच प्रकारचे असावेत आणि हवेचा दाब गाडी हलवण्यापूर्वी, टायर थंड असतानाच तपासावा.