फोन उशाखालून हलवायचा कसा

सेटिंगपासून सुरुवात करू नका. पिवळी स्क्रीन, ॲपवरची वेळमर्यादा वगैरे नंतर बघू. आधी गादीजवळच्या पॉइंटमधला चार्जर काढा आणि ओट्याजवळच्या मिक्सरच्या पॉइंटला नेऊन लावा. आजच. रात्री तो पॉइंट रिकामाच असतो.

मी परळच्या एका रुग्णालयात स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन आहे. कायमची रात्रपाळी. टेपने डोक्याची मापं घ्यायची, खुणा करायच्या, पेस्टने वायरी चिकटवायच्या आणि शेजारच्या खोलीत बसून तो माणूस कसा झोपतो ते मॉनिटरवर बघायचं, हे माझं काम. येणारे बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले. वायरी लावून घेताना "मुलगा सारखा फोनवर असतो हो" अशी तक्रार करतात आणि मी दिवा घालवायला जाते तेव्हा स्वतःचा अंगठा चालूच असतो.

माणूस डोळे मिटून निवांत पडला की मेंदूच्या मागच्या भागातून अल्फा लहरी येतात, सेकंदाला 8 ते 13. झोप लागायला लागली की त्या विरतात. गाढ झोपेत लहरी संथ आणि मोठ्या होतात, सेकंदाला जेमतेम एक-दोन. हे सगळं आम्ही 30-30 सेकंदांच्या पानांत वाचतो. झोपलेल्या माणसाजवळ फोन थरथरला की कधी कधी त्या पानावर लहरी एकदम जलद होतात. हा बदल 3 सेकंद तरी टिकला तर आम्ही त्याची अराउजल, म्हणजे क्षणभराची जाग, म्हणून नोंद करतो. सकाळी त्याच माणसाला विचारा, तो म्हणेल झोप छान झाली. त्यामुळे "माझा फोन सायलेंटवर असतो" हे मला सांगू नका. व्हायब्रेशन चालू असलेला उशाखालचा फोन तुमच्या कानाला सायलेंट असेल, मेंदूला नसतो.

फोन लांब ठेवायला सांगितलं की पहिली हरकत गजराची. स्टेशनबाहेरच्या घड्याळवाल्याकडून साधं सेलवरचं गजराचं घड्याळ आणा, विषय संपला. दुसरी हरकत जास्त खरी असते: गावी आई एकटी आहे, मुलगी उशिरा घरी येते, रात्री फोन आला तर? इथे मुंबईचं घर कामाला येतं. वन रूम किचनमध्ये फोन ओट्यावर ठेवा नाहीतर फ्रिजवर, रिंग ऐकू येतेच. 'डू नॉट डिस्टर्ब' लावा आणि त्यात घरच्या चार-पाच नंबरांना परवानगी द्या. पुन्हा पुन्हा फोन करणाऱ्याचा कॉल वाजू देण्याचीही सोय त्यातच असते. अँड्रॉइडवर त्याच माणसाने 15 मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला तर रिंग वाजते, आयफोनवर 3 मिनिटांत केला तर. खरंच अडचणीत असलेला माणूस दोनदा फोन करतोच. सोसायटीच्या ग्रुपवर गुड नाइटची फुलं पाठवणारे करत नाहीत.

आता निळ्या प्रकाशाबद्दल, कारण हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत ज्यांचं काम चित्र दाखवण्याचं नाही, उजेड किती आहे हे मेंदूतल्या घड्याळाला कळवण्याचं आहे. 480 नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडाला त्या सगळ्यात जास्त जाग्या होतात आणि मग मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला कळवणारं संप्रेरक, कमी पाझरतं. इतपत खरं. पण 2015 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 12 जणांना झोपण्याआधी चार तास पूर्ण ब्राइटनेसच्या टॅबलेटवर वाचायला लावलं होतं. छापील पुस्तक वाचलेल्या रात्रींच्या मानाने त्यांना झोप लागायला साधारण 10 मिनिटं जास्त लागली. चार तासांमागे 10 मिनिटं! तिथल्याच ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने 2021 मध्ये आयफोनचा पिवळा 'नाइट शिफ्ट' मोड तपासला, तर तो लावणारे आणि न लावणारे यांच्या झोपेत फरक सापडला नाही. आणि आपण काय करतो? डोक्यावर पांढरी एलईडी ट्यूब लख्ख चालू ठेवून फोनवर पिवळा फिल्टर लावतो. ब्राइटनेस उतरवलेल्या फोनपेक्षा ती ट्यूब कितीतरी जास्त उजेड डोळ्यांत घालते. साडेनऊनंतर ट्यूब बंद करून एखादा मंद पिवळा दिवा लावा, फिल्टरपेक्षा उपयोग होईल.

माझ्या मते झोप खातो तो उजेड नाही, "अजून एक". वर्तमानपत्र संपतं, मालिकेचा भाग संपतो, रील संपत नाही. साडेदहाला पाठ टेकलेल्या माणसाचे बारा वाजतात, आणि पाणी भरायचंय किंवा पाच-वीसची लोकल पकडायचीय म्हणून उठणं ठरलेल्या वेळीच. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते, स्वप्नांची झोप पहाटेकडे. उशिरा झोपलात तरी शरीर गाढ झोप आधी वसूल करतं, म्हणून वेळेवर उठलात की मुख्यतः हा स्वप्नांच्या झोपेचा तुकडा जातो. प्रौढ माणसाला किमान 7 तास झोप हवी, हे वय वाढलं म्हणून बदलत नाही.

म्हणून फोनचा कोटा गाडीत संपवा. हे मी गंमतीत म्हणत नाही. परतीच्या स्लो लोकलमध्ये दादर ते मुलुंड रील बघा, भांडणं वाचा, साड्या बघा, कोणाचं काही बिघडत नाही. घरी आल्यावर जेवणानंतर एकदा, तेही बसून, लागणारे मेसेज बघायचे: ऑफिसचं काही आहे का, सकाळी पाणी किती वाजता येणार, शाळेची काही सूचना आहे का. गादीवर पडून नाही. मग फोन मिक्सरशेजारी.

हात रिकामा झाला की डोकं सुरू होतं, हे पहिल्या आठवड्यात सगळ्यांचंच होतं. त्यावर वही-पेन. उद्याची कामं पाच मिनिटं लिहून काढा, बारीकसारीक: गॅसचा नंबर लावणे, चेक भरणे, ब्लाउज आणणे. 2018 मध्ये अमेरिकेत बेलर विद्यापीठाच्या लॅबमध्ये 57 जणांवर हे करून पाहिलं होतं, तेही आमच्यासारख्याच वायरी लावून. झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा पुढची कामं लिहिणारे सरासरी 9 मिनिटं आधी झोपले. यादी जितकी तपशीलवार तितकं बरं. ती फोनच्या नोट्समध्ये लिहू नका, तिथून व्हॉट्सॲप एका बोटावर आहे. काही ऐकायचंच असेल तर रेडिओवर हळू आवाजात अस्मिता लावा.

वीसेक मिनिटं झाली असं वाटलं (घड्याळ बघू नका) आणि झोप नाही, तर उठा. हा नियम 1972 पासूनचा, रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाचा: अंथरूण फक्त झोपेसाठी. "उठून जाऊ कुठे, सगळे इथेच झोपलेत," असं एक मावशी मला म्हणाल्या होत्या. स्वयंपाकघरात स्टूल टाका, गॅलरीत उभ्या राहा, चाळीत असाल तर बाहेर पॅसेजमध्ये बसा. पेंग आली की परत. ओट्याजवळ बसलात तर फोनकडे पाठ करून.

नवऱ्याचं काय, हा प्रश्न हमखास येतो. एकाच खोलीत एकाने फोन ठेवला आणि दुसरा मोठ्या आवाजात क्रिकेटची हायलाइट्स बघतोय, तर उपयोग शून्य. भांडू नका, चार्जर एकच ठेवा. आमच्याकडे दुसरा चार्जर मी ऑफिसच्या बॅगेत घालून बॅग कपाटावर टाकली. कुरकुर झाली, मग स्टूल घेऊन चढायचा कंटाळा जिंकला.

पाळीवाल्यांनी हेच सगळं उलट्या घड्याळाने करायचं. माझी रात्र सकाळी नऊला सुरू होते, म्हणून कुरिअर शेजारच्या काकूंकडे द्यायला सांगून ठेवलंय आणि खिडकीला जाड गडद पडदा आहे.

हे सगळं करूनही आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप येत नसेल आणि असं तीन महिने चाललं असेल, तर तो निद्रानाश. डॉक्टरांकडे जा, गोळ्यांच्या आधी सीबीटी-आय नावाच्या, झोपेच्या सवयी आणि विचार बदलण्याच्या उपचाराबद्दल विचारा. झोपेत जोरात घोरत असाल, श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील आणि दिवसा बसल्याबसल्या डुलक्या येत असतील, तर फोनला दोष देत बसू नका, तपासणी करून घ्या. आणि त्या रात्री डोक्याला तेल लावून येऊ नका, पेस्ट चिकटत नाही.