दिवाळीआधी जिना मोकळा करताना

आग लागली तर पळायची वाट जिनाच, तो मोकळा करायला दिवाळीच्या तीन आठवडे आधीचा रविवार धरा, शेवटच्या आठवड्यातला नको. घरोघरी साफसफाई सुरू झाली की माळ्यावरच्या गाद्या, मोडक्या खुर्च्या, रद्दीचे गठ्ठे आधी दाराबाहेर येतात आणि 'भंगारवाला आला की देऊ' म्हणत तिथेच मुक्काम ठोकतात. म्हणजे जिना सगळ्यांत जास्त भरलेला असतो तो नेमका बाण उडायच्या आणि दारोदारी पणत्या लागायच्या दिवसांत. म्हणून भंगारवाल्याला त्या रविवारी सकाळी नऊलाच बोलवा आणि गेटपाशी थांबवून ठेवा. वस्तू खाली आणली की लगेच वजनकाट्यावर. परत वर न्यायचा विचार करायला वेळ मिळता कामा नये. आमच्या कोथरूडच्या चार मजली सोसायटीत पहिल्या वर्षी सगळ्यांत आधी हललं ते माझंच चपलांचं कपाट. सेक्रेटरीचं कपाट गेलेलं पाहिल्यावर वरच्या मजल्यावरच्या काकांना त्यांच्या दोन सायकली आणि पाण्याचा जुना पिंप ठेवून घ्यायला तोंड उरलं नाही.

सुरुवात गच्चीपासून करा आणि खाली येत जा. गच्चीच्या दाराला कुलूप असतं. त्यामागे कारणंही असतात, रात्री वर पोरं बसतात, टाक्यांची झाकणं उघडी राहतात. पण धूर वर चढतो. जिना म्हणजे आगीच्या वेळी इमारतीचं धुराडं. खाली उतरता न आलेला माणूस वर पळाला आणि दाराला बाहेरून कुलूप असलं, तर तो धुरात कोंडला जातो. आतून किल्लीशिवाय उघडेल अशी कडी बसवून घ्या. किल्ली वॉचमनकडे आहे या वाक्याला रात्री तीन वाजता काही अर्थ नसतो.

मग एकेक मजला. इथे घाई करू नका, कारण खरं काम इथेच आहे. चपलांचे स्टँड, कुंड्या, दूधवाल्याच्या पिशवीसाठीचा खिळा, दिवाणाचे सुटे भाग, कोपऱ्यात उभी केलेली फोमची गादी. गादी सगळ्यांत आधी हलवा. फोम पेटला तर काळा, विषारी धूर काही मिनिटांत जिना भरून टाकतो, आणि आगीत माणसं भाजून जातात त्याहून जास्त धुरानं गुदमरून जातात. तुळशीवरून वाद होईल. आमच्याकडे झाला. शेवटी तुळस गच्चीत गेली आणि आजी रोज सकाळी लिफ्टनं वर जाऊन पाणी घालतात. पणत्या लावू नका असं कोणी ऐकणार नाही, सांगूही नका. फक्त पणतीच्या हातभर अंतरात चपला, पायपुसणं, प्लॅस्टिकचं तोरण नको एवढं दार वाजवून सांगा. चालायला त्रास असलेल्यांची नावं आणि घर क्रमांक एका कागदावर लिहून वॉचमनकडे द्या. त्यांची व्हीलचेअर किंवा वॉकर घडी करून दाराच्या आत राहू द्या, बाहेर नको. कोणी मजल्यावरच्या पॅसेजला सरकतं ग्रिल लावून तो घरात ओढून घेतला असेल तर ते प्रकरण रविवारी मिटणार नाही, कमिटीच्या बैठकीत घ्या.

उंच इमारत असेल तर मजल्यावरची आग विझवायच्या पाइपची लाल पेटी उघडून बघा. बाणेरला भावाच्या चौदा मजली इमारतीत मी सहज म्हणून पाचव्या मजल्यावरची पेटी उघडली. आत गुंडाळलेला पाइप होता, त्यावर वाळत घातलेलं पोछ्याचं फडकं, खाली फिनेलची बाटली, आणि पाइपच्या टोकाला नोझल नव्हतंच. पितळेचं असतं, विकलं जातं. प्रत्येक मजल्यावरची पेटी अशीच उघडायची, पाइप सोडायचा, पंप सुरू करून पाणी खरंच येतं का ते पाहायचं. महाराष्ट्रात 2006 च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार परवानाधारक एजन्सीचा 'फॉर्म बी', म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. तो कागद फाइलमध्ये असला तरी पेटी आपणच उघडायची. अग्निशामक सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा आणि समोर कुंडी नको. जिन्याचं फायर डोअर वाऱ्यासाठी वीट लावून उघडं ठेवलेलं असतं, वीट उचला. ते दार बंद असतं तेव्हाच धूर अडतो. रिफ्यूज एरियात, म्हणजे आगीच्या वेळी थांबायला राखलेल्या मोकळ्या जागेत, वाढदिवसाच्या खुर्च्या रचून ठेवल्या असतील तर त्याही हलवा.

पार्किंगमध्ये पुण्याचा खरा नमुना दिसतो. जुन्या सोसायट्यांत विजेचे मीटर जिन्याखाली आणि त्यांना टेकून पाच-सहा दुचाकी, प्रत्येकीच्या टाकीत पेट्रोल. मीटरमध्ये ठिणगी पडली की आग थेट जिन्याच्या तोंडाशी, आणि धूर सरळ वर. मीटरसमोरची जागा पिवळ्या पट्ट्यानं आखून घ्या. पट्टा आखला तरी लोक लावतात, तेव्हा तिथे लोखंडी आडवा पाइप बसवणं स्वस्त पडतं. इलेक्ट्रिक स्कूटरसाठी पहिल्या मजल्यावरून खाली सोडलेली एक्स्टेन्शन वायर काढून टाका. जिन्यापासून लांब, वेगळ्या एमसीबीचा (बिघाड झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचचा) पॉइंट सोसायटीनं करून द्या. लिथियम बॅटरी पेटली तर विझल्यासारखी वाटून पुन्हा पेटते, तिच्याशी लहान सिलिंडर घेऊन झुंजू नये. लांब व्हा आणि 101 ला वर्दी द्या.

गेटपाशी आकाशकंदिलाची कमान आणि लाइटिंगच्या माळा इतक्या खाली नकोत की बंब अडेल. उंच इमारतीभोवती गाडी फिरायला 6 मीटर मोकळी जागा राष्ट्रीय इमारत संहितेत धरलेली आहे. आपल्याकडे तिथे पाहुण्यांच्या गाड्या असतात, त्यामुळे दिवाळीचे चार दिवस पाहुण्यांची गाडी कुठे लावायची हे आधीच ठरवा.

संध्याकाळी आठ वाजता जिन्यातले दिवे बंद करून वरून खाली उतरा, डावा हात भिंतीला लावून, टॉर्च खिशातच ठेवून. गेल्या वर्षी दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मध्ये माझ्या मनगटाला खिळा लागला. तोरणाचा, तोरण कधीच गेलं होतं. खाली पोचल्यावर दिवे लावा आणि मीटरसमोर कुणाची स्कूटर उभी आहे तिचा नंबर वॉचमनच्या वहीत लिहून घ्या.