माणूस उरेल इतकंच काढा: अमूर्त रेखाटनातली मनुष्याकृती

अमूर्त चित्रातला माणूस म्हणजे नीट न जमलेला माणूस, असं वाटत असेल तर एकदा स्वतः काढून बघा. काय गाळायचं ते ठरवताना घाम फुटतो.

साहित्य फार नको. न्यूजप्रिंटचे मोठे कागद, चारकोलच्या कांड्या, कात्री, गोंद आणि एक निळा कागद. खोडरबर नकोच.

१. घरातल्या कुणालातरी एका पायावर भार देऊन उभं करा. बसस्टॉपवर कंटाळलेला माणूस उभा राहतो ना, अगदी तसं. नाकडोळे विसरा. भार घेतलेल्या बाजूची कंबर वर गेलेली असते आणि बहुधा त्याच बाजूचा खांदा खाली उतरलेला. खांद्याची एक तिरपी रेघ, कमरेची उलट तिरपी. मग गळ्याच्या खळगीतून मनातल्या मनात ओळंबा सोडा. तो भार घेतलेल्या पावलापाशीच पडतो. या तीन रेघा म्हणजे उभा माणूस, बाकी सगळी सजावट. अर्ध्या मिनिटाचं एक, अशी वीस रेखाटनं करा. पहिली दहा वाया जाणार, जाऊ द्या.

२. त्यातलं एक निवडून पुन्हापुन्हा काढा आणि दर वेळी एक गोष्ट गाळा: आधी बोटं, मग कपडे, मग एखादा हात. पिकासोने १९४५-४६मध्ये बैलाची शिळाछापाची, म्हणजे दगडावर रेखाटून काढलेल्या छापांची, मालिका केली. तिच्या ११ टप्प्यांत भरदार बैल मोजक्या रेघांवर आला, तरी बैलच राहिला. कुठे थांबायचं? चित्र दुसऱ्याला दाखवा आणि तसं उभं राहायला सांगा. त्याला जमेना, तर एक रेघ जास्त गाळली गेली.

३. आता कात्री. फ्रेंच चित्रकार मातिसने १९५२मध्ये निळ्या रंगवलेल्या कागदातून बसलेल्या स्त्रिया कापल्या. त्यातल्या तुकड्यांमधल्या पांढऱ्या फटी बघा, सांध्यांचं काम त्याच करतात. तुम्हीही धड, मांडी, दंड वेगळे कापा आणि चिकटवताना मध्ये थोडी जागा सोडा. गोंद लावण्याआधी तुकडे सरकवत राहा; फट जरा रुंद झाली की पाय तुटल्यासारखा दिसतो.

४. हे जमलं तरच पुढचं. भारतीय चित्रकार तैयब मेहतांच्या चित्रांत १९६९च्या सुमारास एक कर्णरेषा आली आणि आकृती दुभंगली. तुमच्या आकृतीवरून तशी एक तिरपी रेघ ओढा, कागद तिथे कापा आणि त्यातला एक भाग बोटभर खाली सरकवा.