फेलओव्हर होत नाही? आधी सामाईक आयपी कुणाकडे आहे ते बघा

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत गेटपासपासून डिस्पॅचपर्यंत सगळं सर्व्हरवर चालतं. माल भरून गाडी उभी आणि सर्व्हर पडला, तर चलनच निघत नाही. म्हणून दोन सर्व्हर (एक मुख्य, एक राखीव), त्यांवर कीपअलाइव्हड हे लिनक्सवरचं सॉफ्टवेअर आणि एक सामाईक आयपी. मुख्य पडला की राखीवने तो आयपी उचलायचा, हाच फेलओव्हर. तसं होत नसेल तर कॉन्फिगला हात लावण्याआधी दोन्ही सर्व्हरवर बघा, आयपी आत्ता कुणाकडे दिसतो?

दोघांकडेही दिसला, तर राखीवला मुख्यची हाक ऐकू येत नाहीये. कीपअलाइव्हड ज्या प्रोटोकॉलवर चालतं तो व्हीआरआरपी. मुख्य त्यातून दर सेकंदाला २२४.०.०.१८ या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना ऐकू जाणाऱ्या) पत्त्यावर ‘मी जिवंत आहे’ असं पॅकेट पाठवतो. राखीवची प्रायॉरिटी १०० असेल तर साधारण ३.६ सेकंद शांतता झाली की तो स्वतःच मुख्य होतो. राखीववर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारी कमांड) लावा. पॅकेट येताना दिसतात, तरी तो मुख्यच राहतो? मग बहुतेक फायरवॉल अडवतोय. इथे भलेभले फसतात, कारण ते पोर्ट उघडत बसतात. व्हीआरआरपी टीसीपीही नाही आणि यूडीपीही नाही. तो स्वतंत्र आयपी प्रोटोकॉल आहे, क्रमांक ११२. परवानगी त्यालाच द्यावी लागते. फायरवॉल मोकळा असेल तर दोन्हीकडचा व्हीआरआयडी (जोडीचा ओळख क्रमांक) आणि पासवर्ड जुळवा. पॅकेट येतच नसतील तर दोन्ही सर्व्हर एकाच व्हीलॅनमध्ये (स्विचवरच्या नेटवर्कच्या कप्प्यात) आहेत का ते तपासा. स्विच मल्टिकास्ट गाळत असेल तर युनिकास्ट पिअर, म्हणजे समोरच्या सर्व्हरचा थेट पत्ता, कॉन्फिगमध्ये लिहून मोकळे व्हा.

आयपी राखीवकडे गेला, पण शॉपफ्लोअरवरचे पीसी अडकलेत? पीसीवरचं एआरपी टेबल (कुठला आयपी कुठल्या मॅक म्हणजे नेटवर्क कार्डाच्या पत्त्यावर आहे त्याची यादी) उघडा. तिथे जुन्या सर्व्हरचा मॅक असेल तर ती नोंद पुसा. राउटरमधलीही पुसा, सिस्कोच्या राउटरवर ती मुळात ४ तास टिकते. मॅक बरोबर असूनही सेवा मिळत नसेल, तर बहुतेक ती राखीववर सुरूच झालेली नसते: आयपी अंगावर नसताना सेवेला त्यावर बाइंड होता (त्या पत्त्यावर ऐकत बसता) येत नाही. लिनक्सची ‘आयपी नॉनलोकल बाइंड’ ही सेटिंग १ करा.

सेवा मेली, तरी आयपी मुख्यकडेच? व्हीआरआरपी मशीन बघतं, सेवा नाही. त्यासाठी ट्रॅक स्क्रिप्ट (सेवा चालू आहे का ते तपासणारी) लागते आणि तिचं वजन, म्हणजे सेवा मेल्यावर प्रायॉरिटीत होणारी घट, नीट मोजावं लागतं. मुख्य ११०, राखीव १०० आणि वजन उणे ५, तर मुख्य १०५ वर येतो. तरीही तोच मोठा. उणे २० ठेवा.

चाचणी सुट्टीच्या दिवशी घ्या, पण कीपअलाइव्हडची सर्व्हिस स्टॉप करून नव्हे. थांबताना मुख्य प्रायॉरिटी ० कळवतो आणि राखीव लगेच ताबा घेतो. ही खरी परीक्षाच नाही. पिंग चालू ठेवून नेटवर्कची वायर उपसा. चार-पाच पिंग जाणं ठीक. वायर परत लावल्यावर आयपी उलट उडी मारू नये म्हणून दोन्हीकडे स्टेट बॅकअप लिहा आणि नोप्रीएम्प्ट (प्रायॉरिटी मोठी असली तरी ताबा हिसकावू नको) फक्त मुख्यवर द्या; राखीववरही दिलंत तर ट्रॅक स्क्रिप्टने प्रायॉरिटी घटली तरी तो ताबा घेणार नाही. मुख्यवर स्टेट मास्टर ठेवलंत तर नोप्रीएम्प्ट चालत नाही. आणि दोन्ही सर्व्हर एकाच यूपीएसवर नाहीत ना, तेही त्याच दिवशी बघून घ्या.