जँगोत यादी दाखवताना क्वेरी मोजा

जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये पुस्तकांची यादी दाखवायची आहे, प्रत्येक नावापुढे लेखकही. व्ह्यूमध्ये ‘ऑब्जेक्ट्स डॉट ऑल’ लिहिलं, टेम्प्लेटमध्ये फॉर लूप फिरवला, पान दिसलं. पण 50 पुस्तकं असतील तर डेटाबेसकडे 51 फेऱ्या, म्हणजे 51 क्वेरी, होतात: एक यादीसाठी, मग प्रत्येक पुस्तकाच्या लेखकासाठी एकेक. आपल्या लॅपटॉपवर दहा नोंदींत हे जाणवतही नाही. खऱ्या डेटावर पान रखडायला लागतं.

क्वेरीला ‘सिलेक्ट_रिलेटेड’ जोडा आणि कंसात फॉरेन कीच्या, म्हणजे पुस्तकाला लेखकाशी जोडणाऱ्या, फील्डचं नाव द्या. दोन्ही टेबलं जोडली जाऊन (जॉइन) लेखकासकट सगळं एकाच क्वेरीत येतं.

एका पुस्तकाला अनेक विषय जोडलेले असतील, म्हणजे मेनी-टू-मेनी, तर ‘प्रीफेच_रिलेटेड’ घ्या. ते एक जादा क्वेरी करतं आणि जुळवाजुळव पायथनमध्ये होते. इथे एक खाचखळगा आहे, मी त्यात अर्धा दिवस घालवला: लूपमध्ये त्या विषयांवर पुन्हा ‘फिल्टर’ लावलं, की आधी आणलेलं वाया जातं आणि फेऱ्या परत सुरू.

जँगो डीबग टूलबार पहिल्या दिवसापासून बसवा. किती क्वेरी गेल्या तो आकडा पानाच्या कडेलाच दिसतो.