घरच्या वर्कशॉपमध्ये स्नोबोर्ड कसा बनवावा : खानदेशच्या हवेचा हिशेब धरून

स्नोबोर्ड म्हणजे दोन्ही पाय बांधून बर्फावरून घसरायची फळी. खानदेशात बर्फ पडत नाही, पण स्नोबोर्ड बनवायला बर्फ लागतही नाही. बोर्ड म्हणजे मधे लाकडाचा गाभा, त्याच्या वर-खाली फायबरग्लासचं कापड, तळाला घसरणारं प्लास्टिक आणि कडेला स्टीलची धार. हे सगळं इपॉक्सी रेझिनने चिकटवून दाबाखाली वाळवायचं. जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये यातलं बहुतेक काम जाणणारी माणसं आहेत: सुतार, फायबरचं काम करणारे, फ्रिज-एसीचे मेकॅनिक. तळाचं प्लास्टिक, स्टीलची धार आणि बाइंडिंगचे (बूट बोर्डाला धरून ठेवणाऱ्या पकडीचे) इन्सर्ट, म्हणजे स्क्रू बसायला आतून आटे असलेले धातूचे तुकडे, एवढंच बाहेरून मागवावं लागतं.

स्की (एकेका पायाला बांधायची लांब पट्टी) बनवायची इच्छा असली तरी पहिला हात स्नोबोर्डवर बसवा. स्की दोन लागतात आणि त्या तंतोतंत सारख्या व्हाव्या लागतात. शिवाय स्कीचं बाइंडिंग पडताना बूट सोडून देणारं असतं, त्याची जुळणी जाणकाराकडूनच करून घ्यावी लागते. स्नोबोर्डचं बाइंडिंग एम-६ (६ मिलिमीटर जाडीच्या) स्क्रूंवर घट्ट बसतं.

आकार

मध्यम बांध्याच्या माणसासाठी १५६ सेंटिमीटर लांबी धरा. कमर, म्हणजे मधली सर्वांत अरुंद जागा, २५० मिलिमीटर, दोन्ही टोकांकडची सर्वांत रुंद जागा २९३, आणि या दोन रुंद जागांमधलं अंतर ११८०. म्हणजे कमरेचा खोलगटपणा एका बाजूला २१.५ मिलिमीटर. अंतराचा वर्ग करून त्याला खोलगटपणाच्या आठपटीने भागलं की वळणाची त्रिज्या मिळते. इथे ती ८ मीटरच्या आसपास येते. खोलगटपणा वाढवला की त्रिज्या लहान होते आणि बोर्ड चटकन वळतो.

एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पाटीचा) फर्मा करताना फक्त उभी अर्धी बाजू कापा आणि तोच फर्मा उलटून दुसरी बाजू आखा. दोन्ही कडा आपोआप सारख्या येतात.

गाभा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बोर्डाचा स्वभाव इथेच ठरतो.

अखंड फळी चालत नाही. साधारण २० मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवून फळी तयार करायची, म्हणजे एखाद्या पट्टीचा पीळ पूर्ण फळीत उतरत नाही. जगभर पॉप्लर वापरतात. आपल्याकडच्या वखारीत शिवण मिळालं तर ते हलकं आणि स्थिर लाकूड आहे. सागाचा मोह टाळा. साग उत्तम, पण त्याच्या अंगच्या तेलामुळे इपॉक्सीची पकड कमी होते. कडेच्या पट्ट्यांसाठी बांबू घ्या; सातपुड्यातला मानवेल जवळजवळ भरीव असतो. मात्र कच्च्या बांबूला भुंगा लागतो, म्हणून बोरिक-बोरॅक्सच्या पाण्यात मुरवून आणि पूर्ण वाळवूनच तो वापरावा. लाकूड वाळलं की नाही हे वजनावरून कळतं. रोज तोला, सलग काही दिवस वजन घटलं नाही तर ते तयार आहे.

आता जाडी. दोन पायांच्या मधे ८ मिलिमीटर आणि तिथून दोन्ही टोकांकडे सावकाश उतरत २ मिलिमीटर. हाताच्या रंध्याने हे जमतं, पण सरळ उतार राखणं कठीण जातं. त्यापेक्षा दोन बाजूंना उताराच्या आकाराच्या लाकडी पट्ट्या ठोका आणि त्यांच्यावरून फळीवर बसवलेला राउटर (लाकूड कोरणारं विजेचं यंत्र) सरकवा. दर १० सेंटिमीटरवर व्हर्नियर लावून जाडी लिहून ठेवा. एका मिलिमीटरचा फरकसुद्धा पायाखाली जाणवतो.

मग बाइंडिंगसाठी भोकं पाडा. प्रचलित मांडणीत इन्सर्ट दोन रांगांत असतात, रांगांमधलं अंतर ४ सेंटिमीटर आणि रांगेतलं २ सेंटिमीटर. इन्सर्ट खालच्या बाजूने बसवून वरचं तोंड मेण आणि टेपने बंद करा, नाहीतर आट्यांत रेझिन शिरेल.

साचा, तळ आणि धार

साचा प्लायवूडच्या फासळ्यांचा, वरून सनमायका. मधे सुमारे ६ मिलिमीटरचा उंचवटा ठेवा आणि टोकं ५ सेंटिमीटर वर वळवा.

तळाचं प्लास्टिक अतिउच्च रेणुभाराचं पॉलिथिन असतं. त्याला गोंद धरत नाही, म्हणून एक बाजू कारखान्यातच प्रक्रिया केलेली घ्यावी लागते. त्या बाजूला बोटही लावू नका. धार फर्म्याप्रमाणे वाकवून तळाच्या कडेला टेकवा आणि थोड्या थोड्या अंतरावर फेव्हिक्विकचा थेंब द्या.

रेझिनची रात्र

खानदेशाचा खरा प्रश्न इथे येतो. तापमान १० अंशांनी वाढलं की इपॉक्सीचा कामाचा वेळ साधारण निम्मा होतो. एप्रिल-मेमध्ये, ४२-४४ अंशांत, रेझिन पसरेपर्यंतच घट्ट व्हायला लागेल. दुसरं कारण तितकंच महत्त्वाचं आहे. पॉलिथिन गार होताना स्टील आणि फायबरपेक्षा कितीतरी जास्त आकसतं. जितक्या गरम हवेत बोर्ड चिकटवाल, तितका बर्फात गेल्यावर तळ ओढला जाऊन वाकडा होईल. म्हणून हे काम नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंत, संध्याकाळनंतर, २०-२५ अंशांत करा.

आदल्या दिवशी एक कोरडी तालीम घ्या. दाब देण्यासाठी बोर्ड साच्यावर ठेवून हवाबंद पिशवीत झाकायचा आणि आतली हवा पंपाने ओढून घ्यायची. या पिशवीसाठी पॉलिहाउसचा २०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद चांगला चालतो. जळगाव भागात तो सहज मिळतो. फ्रिज मेकॅनिकचा व्हॅक्यूम पंप लावा, कडा ब्युटाइल टेपने (चिकट रबरी पट्टीने) बंद करा आणि पंप बंद करून अर्धा तास गेजचा काटा पाहा. काटा उतरला तर गळती शोधा. नळीत एकमार्गी व्हॉल्व्ह हवाच, कारण रात्री वीज गेली तर त्याच्याच भरवशावर दाब टिकेल. व्हॅक्यूममध्ये एवढ्या बोर्डावर जवळजवळ चार टनांचा भार सगळीकडे सारखा पडतो.

नायट्राइल हातमोजे घाला. हार्डनरची (रेझिन घट्ट करणाऱ्या द्रवाची) ॲलर्जी एकदा जडली की सुटत नाही.

रेझिन आणि हार्डनर कंपनीने दिलेल्या प्रमाणात, काट्यावर ग्रॅम-ग्रॅम तोलून घ्या. अंदाज नको. एकूण साधारण एक किलो लागेल, पण ते एकदम कालवू नका. खोल भांड्यातला मोठा घाणा स्वतःच तापतो. पाव-पाव किलो कालवून पसरट ट्रेमध्ये ओता.

थर या क्रमाने: साच्यावर प्लास्टिकचा कागद, धारेसकट तळ, धारेवर पातळ रबराच्या पट्ट्या, सुमारे ७५० ग्रॅम प्रति चौरस मीटरचं तिपदरी फायबर कापड, गाभा, पुन्हा तेच कापड, वर शोभेचा थर. शोभेला लाकडाचा व्हिनियर किंवा सुती कापडही लावता येतं. कापड रेझिन पिऊन गडद होतं, म्हणून फिकट रंग निवडा. प्रत्येक थर पूर्ण भिजला पाहिजे. कापडात पांढुरका डाग दिसतो तिथे रेझिन पोहोचलेलं नाही. वर पुन्हा कागद, हवा ओढली जायला जाड सुती कापड, मग पिशवी. सरळ रेषेत बसलंय ना, हे पंप सुरू करण्याआधी शेवटचं पाहून घ्या.

किमान २४ तास हात लावू नका.

कापणी आणि घासणी

बारीक दात्यांच्या ब्लेडने जिगसॉ धारेच्या बाहेरून चालवा. फायबरची धूळ फुप्फुसात जाते, मास्क लावूनच कापा. बाजूच्या बांबूला किंचित आतला उतार द्या आणि वॉर्निश मारा. तळावर स्टीलची पट्टी आडवी धरून उजेडाकडे पाहा. उजेड दिसतो तिथे उंच-सखल आहे, तेवढं घासा. शेवटी तळावर इस्त्रीने मेण वितळवून लावा. इस्त्रीतून धूर निघाला तर ती जास्त तापली आहे.

वापरण्याआधी

दोन्ही टोकं विटांवर ठेवून मधे उभे राहा, हळूच दाब द्या. करकर ऐकू आली किंवा थर सुटताना दिसले तर तो बोर्ड बर्फावर नेऊ नका. ठीक वाटला तर औली किंवा गुलमर्गच्या नवशिक्यांच्या उतारावर, हेल्मेट घालून, सावकाश सुरुवात करा. गुलमर्गसाठी भुसावळहून जम्मूकडे झेलम एक्सप्रेस जाते. बोर्डाला जाड गादीचं कव्हर शिवून घ्या.

परतल्यावर धार कोरडी करून मेणाचा जाड थर तसाच राहू द्या. साध्या हवेत वाळलेलं इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडू शकतं आणि मे महिन्यात पत्र्याखाली किंवा बंद गाडीत तेवढी उष्णता सहज होते. बोर्ड घरातल्या सर्वांत थंड भिंतीला, वजन न टाकता, आडवा ठेवा.