हौशी रेडिओचा अँटेना: तारेपासून टॉवरपर्यंत

१४५ मेगाहर्ट्झवर ५० वॉटचा रेडिओ आहे आणि छतावरच्या अँटेनापर्यंत ३० मीटर आरजी-५८ (पातळ कोअॅक्सियल) केबल टाकली आहे, असे समजा. अँटेनापर्यंत जेमतेम १२-१३ वॉट पोचतात, बाकीचे केबल गरम करण्यात जातात. आणि एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणारा, १ म्हणजे काहीच परत नाही) मात्र खूश असतो! परत येणारी शक्तीसुद्धा केबल वाटेतच गिळते, त्यामुळे वरचा अँटेना तुटून पडला तरी मीटर १.७ च्या आसपास आकडा दाखवत राहील. मीटरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये तो यासाठी. त्याच जागी जाड आरजी-२१३ टाकली की निम्म्याहून थोडी जास्त शक्ती वर पोचते. म्हणून खर्चाची आखणी करताना आधी अँटेना, उंची आणि केबल, मग रेडिओ.

कोणता अँटेना घ्यावा

आधी तीन गोष्टी कागदावर लिहून काढा: कोणत्या बँडवर बोलायचे, किती लांब बोलायचे, आणि तार ताणायला सलग किती जागा आहे.

शहराच्या परिघात १४५ मेगाहर्ट्झवर बोलायचे असेल तर पाव-तरंगाचा, म्हणजे तरंगलांबीच्या चौथ्या भागाइतका, ग्राउंड प्लेन अँटेना पुरतो. मधोमध सुमारे ४९ सेंटिमीटरची उभी काडी आणि तिच्या बुडाशी ५१ सेंटिमीटरच्या चार काड्या, ४५ अंशांत खाली वाकवलेल्या. त्या वाकवल्या की अँटेनाची प्रतिबाधा (इम्पीडन्स) केबलला जुळणाऱ्या ५० ओमजवळ येते. आडव्या ठेवल्या तर ती ३५ च्या आसपास राहते.

एचएफ बँडसाठी (३ ते ३० मेगाहर्ट्झ) पहिला अँटेना डायपोलच असावा, म्हणजे मध्यावर केबल जोडलेल्या दोन सारख्या तारा. तो स्वस्त आहे, चुकला तर तार बदलता येते, आणि नंतर घेतलेला प्रत्येक अँटेना पारखायला तुलनेचे माप मिळते. इथे उंचीचा हिशोब ध्यानात ठेवा. १० मीटर उंची १४ मेगाहर्ट्झसाठी अर्धा तरंग होते, त्यामुळे शक्ती बऱ्यापैकी तिरपी, क्षितिजाकडे निघते आणि दूरची स्टेशने मिळतात. तीच उंची ७ मेगाहर्ट्झला पाव तरंगाइतकीच पडते. तेव्हा शक्ती बहुतेक सरळ वर जाते आणि आयनमंडलावरून परतून आजूबाजूच्या काही शे किलोमीटरमध्ये उतरते. यात वाईट काही नाही. दिवसा शेजारच्या प्रदेशांशी बोलायला हाच अँटेना कामाचा. दुसऱ्या खंडाची अपेक्षा मात्र त्याच्याकडून ठेवू नये.

उभा अँटेना कमी जागेत बसतो, पण जमिनीवर पसरलेल्या तारांशिवाय तो अर्धाच असतो. चार तारा टाकून थांबलात तर बरीच शक्ती मातीत मुरते. १६ टाकल्या की फरक जाणवतो, ३२ च्या पुढे फायदा हळूहळू घटत जातो. यागीचा (एका दिशेला रोखलेल्या, अनेक आडव्या दांड्यांच्या अँटेनाचा) विचार टॉवर ठरल्यावर करा: १४ मेगाहर्ट्झच्या तीन घटकांच्या यागीचे घटक साधारण १० मीटर लांब असतात, ते घराच्या कठड्याला बांधायचे काम नव्हे.

७ मेगाहर्ट्झचा डायपोल, पायरीपायरीने

१. लांबीचा अंदाज काढा. १४३ ला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागले की एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ साठी ती २०.१४ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला १०.०७. तारेवर प्लास्टिकचे आवरण असेल तर प्रत्यक्षात दोन-तीन टक्के कमी लागते. तरी कापताना प्रत्येक बाजू १०.४० मीटर घ्या. वाढीव तार कापता येते, तोकडी तार लांबवायची म्हणजे नवा जोड आला.

२. तार दीड ते अडीच चौरस मिलिमीटरची, बहुधागी तांब्याची. एकाच जाड तांब्याच्या तारेला पीळ पडला की ती वाऱ्यात त्याच जागी मोडते.

३. मधल्या इन्सुलेटरला दोन्ही तारा आधी यांत्रिकदृष्ट्या बांधा: भोकातून घालून परत स्वतःभोवती गुंडाळा. केबलही इन्सुलेटरलाच पकडून ठेवा. केबलचा भार सोल्डरवर आला तर पहिल्याच वादळात जोड सुटतो, आणि पुष्कळदा जाळीचे (केबलच्या मधल्या तारेभोवतीच्या विणलेल्या तांब्याचे) अर्धेच धागे तुटतात. मग कोरड्या दिवशी अँटेना चालतो, ओल्या दिवशी रुसतो आणि तुम्ही रेडिओ उघडून बसता.

४. केबलच्या वरच्या टोकालाच चोक (केबलच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारे वेटोळे) लावा. एफटी२४०-३१ फेराइट कड्यावर आरजी-५८ चे १० ते १२ वेढे घेतले की काम होते. चोक नसेल तर जाळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून शक्ती खाली येते. केबलला हात लावला की एसडब्ल्यूआर हलणे, मायक्रोफोनचा ओठांना चटका बसणे, शेजाऱ्याच्या स्पीकरमधून तुमचा आवाज येणे ही त्याची लक्षणे.

५. टोकांना इन्सुलेटर आणि पॉलिएस्टरची दोरी बांधा. पॉलिप्रॉपिलीनची दोरी उन्हात काही महिन्यांत भुसा होते, नायलॉनची ताणत जाते. दोरी झाडाला बांधणार असाल तर थेट गाठ मारू नका. झाडावर कप्पी बसवा, दोरी तिच्यावरून खाली आणा आणि टोकाला वजन लटकवा. झाड डोलले की वजन वर-खाली होईल, तार तुटणार नाही.

६. मध्य १० मीटरवर, टोके खाली तिरपी, असा उलट्या व्हीच्या आकारात अँटेना उभारा. मधला कोन ९० अंशांपेक्षा कमी ठेवू नका. टोके माणसाच्या हाताला लागणार नाहीत इतकी, किमान ३ मीटर उंच हवीत. प्रसारण चालू असताना सर्वात जास्त व्होल्टेज टोकांनाच असते आणि त्याचा चटका खोल भाजतो.

७. आता मोजा. अँटेना अ‍ॅनालायझर केबलच्या टोकाला जोडा आणि एसडब्ल्यूआर सर्वात कमी कुठे आहे ते पाहा. समजा, ते ६.७५ वर आले. आताची लांबी गुणिले ६.७५ भागिले ७.१ : २०.८० मीटरचे १९.७८ मीटर झाले. म्हणजे प्रत्येक बाजूला सुमारे ५१ सेंटिमीटर कमी करायचे. पहिल्या खेपेला ३५ च करा, अँटेना पुन्हा पूर्ण उंचीवर चढवा आणि पुन्हा मोजा. खाली असताना घेतलेले माप वर लागू पडत नाही. कापण्याऐवजी तार मागे दुमडून स्वतःभोवती घट्ट गुंडाळली तरी जवळजवळ तेवढाच परिणाम होतो, आणि चूक सुधारता येते.

सर्वात कमी एसडब्ल्यूआर योग्य वारंवारतेवर येत असेल पण १.५ किंवा १.८ च्या खाली उतरत नसेल, तर कात्री बाजूला ठेवा. ती लांबीची चूक नव्हे. उंची, कोन, जवळची धातूची कुंपणे यांचा तो परिणाम. तेवढ्याने काही बिघडत नाही. आणखी एक फुकटचा फायदा: हाच अँटेना २१ मेगाहर्ट्झवरही चालतो, कारण ते जवळपास तिप्पट आहे. फक्त तिथला अनुनाद (एसडब्ल्यूआर सर्वात कमी असण्याची वारंवारता) थोडा वर सरकलेला दिसेल.

जोड आणि पाणी

अँटेना सहसा स्वतःहून बिघडत नाही, जोड बिघडतो. केबलच्या टोकाला पीएल-२५९ कनेक्टर बसवताना जाळी चारही भोकांतून सोल्डर करा. त्यासाठी १०० वॉटच्या आसपासची, जाड टोकाची सोल्डरिंग गन लागते. छोट्या सोल्डरिंग आयर्नने बसवलेला जोड बाहेरून चकचकीत दिसतो आणि आत सोल्डर नुसते चिकटलेले असते. उष्णता फार वेळ दिली तर आतले पॉलिथीन वितळून मधली तार बाजूला सरकते. काम झाल्यावर मल्टिमीटरने दोन गोष्टी तपासा: मधली तार टोकापासून टोकापर्यंत जुळलेली आहे ना, आणि मधली तार व जाळी एकमेकींना लागलेल्या नाहीत ना.

पीएल-२५९ पाणी अडवत नाही. बाहेर लावायचा असेल तर आधी साध्या विजेच्या टेपचा एक थर द्या, म्हणजे पुढे उघडताना चिकटा निघेल. त्यावर स्वतःशीच एकजीव होणारी रबराची टेप, तिची रुंदी निम्मी होईपर्यंत ताणून. वरून पुन्हा विनाइल टेप. शेवटचा थर खालून वर गुंडाळत न्या, म्हणजे प्रत्येक वेढा कौलांसारखा खालच्यावर येतो आणि पाणी घसरून जाते. वरून खाली गुंडाळलात तर प्रत्येक कडेत पाणी थांबेल. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली झोल द्या. थेंब झोलाच्या तळाला टपकतात, भिंतीतून आत येत नाहीत.

टॉवर

टॉवरची जागा ठरवताना पहिला नियम विजेच्या तारांचा. टॉवरची उंची अधिक वर बसणाऱ्या अँटेनाची लांबी अधिक ३ मीटर, एवढे अंतर प्रत्येक दिशेने मोकळे हवे. टॉवर कुठेही कोसळला तरी विजेच्या तारेला लागता कामा नये. यात तडजोड नाही. जागा बसत नसेल तर टॉवर नको. उंचीची स्थानिक परवानगी आणि विमानतळाची जवळीक हेही आधीच पाहून घ्या.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १०० किलोमीटरला जो दाब, त्याच्या जवळजवळ दीडपट १२० ला. ताशी १४४ किलोमीटरला प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १०० किलोचा जोर येतो. उत्पादकाने टॉवरसाठी दिलेले क्षेत्रफळ अँटेना, रोटेटर (अँटेना फिरवणारी मोटर) आणि वरचा पाइप सगळे मिळून असते, फक्त अँटेनाचे नव्हे. एवढी एक ओळ न वाचल्याने टॉवर वाकतात.

पाया उत्पादकाच्या आराखड्याप्रमाणेच घाला. सळ्यांचा पिंजरा बांधून खालचा भाग ओळंब्यात बसवा, मग काँक्रीट ओता. काँक्रीटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस लागतात, घाई करू नका. पोकळ पाय असलेला टॉवर असेल तर पायांची बुडे काँक्रीटने बुजवू नका. खाली खडी ठेवा, म्हणजे आतले पाणी निघून जाईल. साचले तर टॉवर आतून गंजतो आणि बाहेरून वर्षानुवर्षे कळत नाही.

ताणाच्या तारा तीन दिशांना, १२० अंशांवर. अँकरचे अंतर टॉवरच्या उंचीच्या ८० टक्के ठेवा, फार तर ६० पर्यंत उतरा. पोलादी तारेचा ताण तिच्या तुटण्याच्या बलाच्या साधारण १० टक्के असावा. तारेला यू-बोल्टचे तीन क्लॅम्प लावताना क्लॅम्पची खोबण भार घेणाऱ्या लांब तारेवर आणि यू-बोल्ट दुमडून आलेल्या मोकळ्या टोकावर आला पाहिजे. उलटे बसवले तर यू-बोल्ट भाराच्या तारेला चेपतो आणि ती तिथेच तुटते. दुरून पाहिले तरी ही चूक ओळखू येते. टर्नबकल (तारेचा ताण कमी-जास्त करणारा आट्यांचा सांधा) आवळल्यावर त्यातून तार ओवून आठच्या आकारात बांधा, नाहीतर वाऱ्याच्या थरथरीने तो हळूहळू उलगडतो.

चढताना पूर्ण शरीराचा हार्नेस आणि दोन दोऱ्या वापरा. एक सोडण्याआधी दुसरी अडकवलेली असते, अंगाला किमान एक कायम. खाली हेल्मेट घातलेला एक माणूस हवा, आणि टॉवरच्या बुडाशी कोणी उभे राहू नये, कारण हातातून निसटलेला पाना सरळ खाली येत नाही, टॉवरच्या पट्ट्यांवर आपटत कुठेही उडतो. जुनी ताणाची तार काढायची असेल तर आधी तात्पुरती बांधा. रोटेटरजवळ केबलला पूर्ण फेरी होईल एवढा सैल वेढा ठेवा, आणि बांधण्यापूर्वी हाताने एकदा फिरवून पाहा.

अर्थिंग

टॉवरच्या बुडाशी २.४ मीटरचे रॉड ठोका, दोन रॉडमध्ये लांबीच्या दुप्पट अंतर ठेवा. रॉडला जाणारी पट्टी सरळ न्या. काटकोनात वळवलीत तर आकाशातून पडलेली वीज ते वळण मानत नाही, बाजूला उडी घेते. हे जोड सोल्डरचे नसावेत, विजेच्या झटक्यात सोल्डर वितळते. तांब्याची पट्टी जस्तलेपाच्या पायावर थेट आवळू नका, ओलाव्यात जस्त खाल्ले जाते. मध्ये स्टेनलेस पोलादाचा तुकडा घाला. घरात शिरताना केबलवर वीजरोधक (पडलेल्या विजेचा झटका अर्थिंगकडे वळवणारा लाइटनिंग अरेस्टर) बसवा. आणि टॉवरचे अर्थिंग घराच्या विद्युत अर्थिंगशी जाड तांब्याने जोडा. दोन्ही वेगळी ठेवणे सुरक्षित वाटते, पण वीज पडली की दोघांतला फरक भरून निघतो तो तुमच्या रेडिओतून.

देखभाल

अँटेना पहिल्यांदा नीट चालला त्याच दिवशी बँडच्या दोन टोकांचा आणि मधला एसडब्ल्यूआर वहीत लिहून ठेवा. केबलचे माप त्या दिवशीच घ्या: वरचे टोक अँटेनापासून सोडवून मोकळे ठेवा, खालून अ‍ॅनालायझरने रिटर्न लॉस (पाठवलेल्या शक्तीपेक्षा परत येणारी शक्ती किती कमी आहे ते, डेसिबलमध्ये) मोजा. त्याचे निम्मे म्हणजे केबलमधला एकेरी ऱ्हास. ६ डेसिबल दाखवले तर केबल ३ डेसिबल, म्हणजे जवळपास निम्मी शक्ती, खाते.

वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि नंतर, आणि प्रत्येक मोठ्या वादळानंतर एक फेरी मारा. तारांचा ताण, क्लॅम्पचे नट, दोरीची घासलेली जागा, टेप सुटलेले कनेक्टर, अर्थिंगच्या क्लॅम्पची गंज. एसडब्ल्यूआर वाढला असेल तर कळेलच. जास्त फसवे असते ते उलट होणे: काहीही न करता एसडब्ल्यूआर सुधारलेला दिसला आणि बँड जास्त रुंद वाटू लागला, तर केबलचे माप पुन्हा घ्या. ऱ्हास आधीपेक्षा १ डेसिबलने वाढला असेल तर वरचा कनेक्टर कापा आणि आवरण ३० सेंटिमीटर सोला. जाळी तांब्यासारखी चमकत असेल तर नवा कनेक्टर बसवा. काळी किंवा हिरवी पडली असेल तर आणखी एक मीटर कापून पाहा. तिथेही तसेच असेल तर पाणी जाळीतून झिरपत खाली उतरले आहे, पूर्ण केबल बदला.